हिरव्याचे पिवळे झाले, त्याचा हिशेब द्या

प्रति,
बेळगाव महानगरपालिकेचे सर्व ५८ नगरसेवक,
तसेच बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचे (बुडा) अध्यक्ष व सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी खासबागेत राहते, माहेर येळ्ळूर. टिळकवाडीतल्या एका आर्किटेक्टच्या कार्यालयात चौतीस वर्षे ड्राफ्ट्समन म्हणून काम केले. संगणक यायच्या आधी नगर आराखड्याच्या अमोनिया प्रिंटवर आम्ही हाताने रंग भरायचो. राहत्या भागाला पिवळा, व्यापाराला निळा, कारखान्यांना जांभळा, सार्वजनिक इमारतींना लाल, शेतीला फिकट हिरवा. एखाद्या सर्व्हे नंबरचा झोन, म्हणजे जमीन कशासाठी वापरायची तो ठरलेला पट्टा, बदलला की त्या तुकड्यावर पातळ कागद चिकटवून नवा रंग द्यायचा. बहुतेक वेळा हिरव्यावर पिवळा चढायचा. असे किती तुकडे मी रंगवले ते आता आठवत नाही. पण त्या तुकड्यांवर पुढे काय झाले, हे सांगणारा एकही कागद सबंध नोकरीत माझ्या टेबलावर आला नाही, हे पक्के आठवते.

कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ चा आहे. महायोजना, म्हणजे शहराचा मास्टर प्लॅन, लागू झाल्यावर किमान दहा वर्षांतून एकदा नव्याने सर्वेक्षण करून ती सुधारण्याची वाट त्यात ठेवली आहे. सर्वेक्षणे होतात. वस्ती कुठे वाढली, रस्ते किती रुंद आहेत, वीस वर्षांनी लोकसंख्या किती होईल, याचे तक्ते मी पाहिले आहेत. मागच्या खेपेला ज्या जमिनी पिवळ्या केल्या, ज्या रस्त्यांवर दुकानांना मुभा दिली, पार्किंगचा जो नियम घातला, त्यातून जे साधायचे होते ते साधले का, हा रकाना मात्र त्या तक्त्यांत मला कधी दिसला नाही. पुढचा आराखडा हातात घ्याल तेव्हा आधी हा रकाना भरा, ही माझी मागणी आहे.

माझा धाकटा भाऊ येळ्ळूर शिवारात अजून बासमती लावतो. आमच्या लहानपणी वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर हा सगळा एकच हिरवा पट्टा होता. भात निसवायला लागले की वाऱ्याबरोबर वास गावात यायचा. भावाचे शेत नकाशात आजही हिरवेच आहे. अडचण त्याच्या शेजाऱ्यांची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाला फुगला आणि शिवारात पाणी थांबले, तेव्हा तो मला म्हणाला होता, "अक्का, माझं शेत तसंच हाय, पण चारी अंगानं भरती घातल्या. पाणी माझ्याकडं येतंय आणि जायाला वाट न्हाई." शेजारचे प्लॉट पाडताना तीन-चार फूट माती टाकली गेली. बांधाला लागून जे ओघळ होते ते बुजले. त्या शेजाऱ्यांचे झोनिंगचे दाखले, एनए (बिनशेती) परवानगी, लेआउटची म्हणजे प्लॉटांच्या आखणीची मंजुरी, सगळे कागद बिनचूक असतील. नुकसान ज्याचे झाले त्याचा सर्व्हे नंबर मात्र त्या फाइलीत कुठेच नाही. म्हणून म्हणते, झोन बदलाचा परिणाम तपासायचा तर नुसता बदललेला तुकडा पाहून भागणार नाही. त्याला लागून असलेली शेते, खालच्या अंगाचा नाला, वरच्या अंगाच्या विहिरी, सगळे पाहावे लागेल.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी शहराच्या दक्षिणेकडच्या एका मंजूर लेआउटमधून मुद्दाम चालत गेले. त्या संध्याकाळी कोणी राहते घर अंधारात ठेवत नाही, म्हणून ती वेळ निवडली. एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून चोवीस प्लॉट होते. दिवे लागलेली घरे सात. दोन घरे बांधून कुलपात. बाकीच्या प्लॉटांवर गाजर गवत आणि कोपऱ्यात मालकाच्या नावाचा सिमेंटचा खांब. लेआउट होऊन बारा वर्षे झाली आहेत. हा एकच रस्ता आहे, यावरून शहराबद्दल काही ठरवता येत नाही, हे मला कळते. मी एका संध्याकाळी एक रस्ता मोजू शकले. तुमच्याकडे माणसे आहेत, नोंदी आहेत, तुम्ही सगळे रस्ते मोजू शकता.

आणि नोंदी खरोखरच आहेत. घरपट्टीची वही महापालिकेकडे आहे, विजेचे मीटर हेस्कॉम या वीज कंपनीकडे आहेत, नळजोडणीची यादी आहे, बांधकाम परवाने आहेत. परवाना दिला म्हणजे घर झाले असे धरून चालणे ही सगळ्यात मोठी चूक ठरेल. परवाना, जोत्याचे काम, स्लॅब, पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी आत राहायला आलेले कुटुंब, यांत कितीतरी वर्षे जातात, आणि मध्येच कुठेही काम थांबते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये इमारतीच्या पूर्णत्वाचा दाखला पाहिल्यावरच वीज-पाणी जोडा असे बजावले, तेव्हा कितीजणांकडे तो दाखलाच नाही हे साऱ्या कर्नाटकाच्या लक्षात आले. मीटर किती फिरतो आहे, यावरून घरात माणूस आहे की नाही हे कळते. कोणाचे नाव नको, नंबर नको. सर्व्हे नंबरवार एकूण आकडा दिलात तरी पुरे.

जगात इतर शहरांनीही झोनचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले, आणि काही ठिकाणी लोकांनी चिकाटीने परिणाम मोजले. त्यांतले मला सर्वांत मोलाचे वाटलेले उदाहरण शिकागोचे आहे. तिथे २०१३ आणि २०१५ मध्ये रेल्वे स्थानकांजवळच्या जमिनींवर जास्त मजले चढवायला आणि पार्किंग कमी ठेवायला मुभा दिली. योना फ्रीमार्क नावाच्या अभ्यासकाने मुभा मिळालेल्या जमिनी आणि तशाच, पण मुभा न मिळालेल्या जमिनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. पाच वर्षांच्या मुदतीत मुभा मिळालेल्या जागी मालमत्तेच्या किमती चढल्या. नव्या घरांचे परवाने मात्र वाढलेले दिसले नाहीत. हे वाचले तेव्हा मला तो लक्ष्मीपूजनाचा रस्ता आठवला. रंग बदलला की पहिल्यांदा हलतो तो जमिनीचा भाव. घर मागाहून येते, किंवा येतच नाही.

याच्या अगदी उलट निकाल न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा आहे. तिथे नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी योजना बऱ्याच अंशी लागू झाली आणि शहराच्या जवळपास तीन चतुर्थांश राहत्या जमिनीवर आधीपेक्षा दाट बांधायची परवानगी मिळाली. पुढच्या पाच वर्षांत घरांच्या परवान्यांची संख्या साधारण दुप्पट झाली, आणि ती वाढ मुभा मिळालेल्या भागांतच झाली, असे तिथल्या विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवले. दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच आकड्यांवर शंका घेतली. नियम बदलला नसता तर किती घरे झाली असती, हा अंदाज तुम्ही कशावरून धरलात, असा त्यांचा सवाल होता. तो वाद आजही चालू आहे, आणि मला तो चांगला वाटतो, कारण दोन्ही बाजूंच्या हातात मोजलेले काहीतरी आहे. आपल्याकडे 'विकास झाला' म्हणणारे आणि 'शेती बुडवली' म्हणणारे, दोघेही रिकाम्या हातांनी भांडतात. मीही त्यांतलीच एक आहे.

शिकागोत किमती वाढल्या आणि ऑकलंडात घरे वाढली, असा फरक का पडला? एक कारण सहज दिसते. शिकागोत मुभा मोजक्या ठिकाणी दिली, ऑकलंडात बहुतांश राहत्या भागाला. थोड्याच जमिनी पिवळ्या केल्या की त्या ज्यांच्या हाती आहेत ते थांबतात, भाव चढू देतात. आपल्याकडे एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलून देण्याची जी रीत पडली आहे, ती यातल्या कुठल्या शहराच्या जवळ जाते याचा विचार आपण करावा. त्याच कायद्याच्या कलम १४-अ खाली असा बदल करताना त्या भागात खपणाऱ्या एखाद्या दैनिकात जाहिरात देऊन हरकती मागवल्या की प्रक्रिया पुढे जाते. एकेक बदल लहानच असतो. पंधरा-वीस वर्षांचे असे सगळे बदल एका नकाशावर मांडले तर काय चित्र दिसेल, हे मी रंगाची डबी हातात घेऊन नेहमी मनात आणत असे.

एक अडचण खरी आहे आणि ती मी लपवत नाही. समजा, येळ्ळूर किंवा हलगा बाजूला जमिनीचे भाव वाढले. ते झोनमुळे वाढले हे कशावरून? २०२० मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमे काढून टाकली, आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. त्याच सुमारास टाळेबंदी आली. हलगा-मच्छे बायपासचा वाद होता. सगळे एकमेकांत मिसळलेले आहे. पण ते सोडवायला फार विद्वत्ता लागत नाही. बुडाच्या हद्दीच्या आतले एक गाव घ्या आणि हद्दीच्या लगेच बाहेरचे एक गाव घ्या. मातीचा पोत तोच, पाऊस तोच, २०२० चा कायदा दोघांनाही लागू. फरक एवढाच की एका गावाला पिवळा रंग मिळाला, दुसऱ्याला नाही. दोन्हीकडचे खरेदी व्यवहार उपनोंदणी कार्यालयात नोंदलेले आहेत. दोन गावांच्या भावांतले अंतर रंग बदलण्याआधी किती होते आणि नंतर किती झाले, ते पाहा.

असे करणे आपल्या भागाला नवीन नाही. २००८ च्या सुमारास बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी या शहरांतल्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. सगळ्या शहराला एकदम न देता आधी काही प्रभाग निवडले. मग हुबळी-धारवाडात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या अभ्यासकांनी चोवीस तास पाणी मिळणारे आणि काही दिवसांनी एकदा मिळणारे प्रभाग तुलनेला घेऊन पाण्याची शुद्धता, लोकांचे आजार, नळावर जाणारा वेळ, सगळे तपासले. पाण्याचा नळ जर असा तपासता येतो, तर जमिनीचा रंगही तपासता येईल.

आता शहराच्या आत येते. माझ्या सासरी चार यंत्रमाग होते. पुढे सोपा, त्यात माग, मागे स्वयंपाकघर, परड्यात विहीर. खासबाग, वडगाव, शहापूर इथली शेकडो घरे अशीच होती, अजूनही थोडी आहेत. नकाशात हा भाग पिवळा, म्हणजे राहता. पिवळ्या भागात किती अश्वशक्तीची मोटर चालेल, याला नियमात मर्यादा. मामंजी म्हणायचे, "आपण मागाच्या घरात राहतो, घरात माग ठेवत नाही." हे वाक्य कुठल्याही झोनिंगच्या पुस्तकात बसत नाही. शेजारी नवी अपार्टमेंट झाली, तिथल्या लोकांना खटखट सहन होईना, तक्रारी गेल्या. आमचे माग बंद झाले ते नुसते त्यामुळे नाही. सुताचे दर होते, सुरतेचा स्वस्त माल होता, पुढे २०२० ची टाळेबंदी आली. तरी राहत्या पट्ट्याच्या नियमाचा त्यात वाटा किती, हे कोणी विचारले असते तर खासबागेतल्या प्रत्येक घराने उत्तर दिले असते. अजूनही देईल.

जुन्या गल्ल्यांतली घरे बारा-पंधरा फूट रुंद आणि सत्तर-ऐंशी फूट खोल. दोन्ही भिंती शेजाऱ्यांच्या. तिथे बाजूला मोकळी जागा सोडा म्हणणे म्हणजे राहायला बोळ ठेवा म्हणणे. टिळकवाडीतल्या ऐसपैस प्लॉटला जो नियम शोभतो तोच शहापुरातल्या जुन्या घराला लावला, की माणूस परवानगी न घेताच बांधतो. पार्किंगचेही तेच. बाजारपेठेतल्या एका व्यापारी इमारतीचा नकाशा मी काढला होता. नियमाप्रमाणे तळघरात गाड्यांचे आयत मोजून आखले. मंजुरी मिळाली. दीड वर्षाने तिथे गेले तर त्या आयतांच्या जागी काचेची शटर लावलेली दुकाने होती आणि गाड्या रस्त्यावर. ते आयत माझ्या हातचे होते. मला त्याचे आजही वाईट वाटते.

अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये इमारतीला किमान इतके पार्किंग हवेच, हा नियम सबंध शहरातून काढून टाकला. त्याच संहितेने इमारतीत काय चालते यापेक्षा इमारत रस्त्याला कशी भिडते, किती उंच आहे, दार कुठे आहे, याकडे जास्त लक्ष दिले. नंतर दोन अभ्यासकांनी तिथले ३६ मोठे प्रकल्प तपासले. जवळपास निम्म्यांनी जुन्या नियमापेक्षा कमी पार्किंग ठेवले होते. खाली दुकान, वर घर अशा मिश्र इमारतींनी तर जुन्या किमान आकड्याच्या निम्म्याहूनही कमी जागा ठेवल्या, आणि एकाच वापराच्या इमारती बहुतेक जुन्या आकड्यालाच धरून राहिल्या. म्हणजे एकच सूट, पण प्रत्येक प्रकारच्या इमारतीने ती वेगळी वापरली. गणपत गल्ली, खडेबाजार या बाजारपेठा आणि उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत यांना एकच पार्किंगचा तक्ता लावायचा का, हे ठरवताना ही बाब पुढ्यात असावी. आपण नियम ठेवलाच असेल, तर तळघरे आज कशासाठी वापरात आहेत हे प्रत्येक प्रभागात एकदा उतरून पाहावे. त्यासाठी कुठला तज्ज्ञ लागत नाही, टॉर्च लागते.

मिनिॲपोलिसचे थोडक्यात सांगते. फक्त एका कुटुंबाचे घर बांधता येईल असे पट्टे त्या शहराने २०२० पासून मोडीत काढले आणि तीन कुटुंबांच्या घरांना परवानगी दिली. गाजावाजा याच गोष्टीचा झाला, पण तशी घरे फारच थोडी बांधली गेली. भर पडली ती मोठ्या रस्त्यांवरच्या मोठ्या इमारतींतून. २०१७ ते २०२२ मध्ये शहरातली घरे १२ टक्क्यांनी वाढली आणि भाडी अवघी १ टक्का. राज्याच्या उरलेल्या भागात घरे ४ टक्के वाढली, भाडी १४ टक्के. ज्या कलमाची चर्चा झाली ते एक आणि ज्याने काम केले ते दुसरे, हे मोजल्यामुळेच कळले. शहापुरात भाड्याने राहणाऱ्या विणकराला आपल्या आराखड्यात जागाच नाही. भाड्याचा आकडा आपण कधी गोळाच केला नाही.

शंभर रुपयांच्या बॉन्डवर, म्हणजे खरेदीची नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर, घेतलेल्या प्लॉटांबद्दल मला तळमळीने सांगायचे आहे. त्या वस्त्यांना आपण बेकायदा म्हणतो आणि आराखड्याच्या हिशेबाबाहेर ठेवतो. बेकायदा बांधकामे नियमित करण्याच्या 'अक्रम-सक्रम' योजनेला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्थगिती दिली, २०२५ मध्ये अशा मालमत्तांची वेगळी नोंद करणाऱ्या बी खात्याची मोहीम आली, आणि लोक कागद घेऊन पुन्हा रांगेत उभे राहिले. तिथे राहणारा माणूस कोण? उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डिंग करणारा, मागावर जाणारा, बांधकामावर गवंडी. पिवळ्या पट्ट्यातला प्लॉट त्याला परवडला नाही, म्हणून त्याने हिरव्या पट्ट्यातले दीड-दोन गुंठे बॉन्डवर घेतले. नियमाबाहेर जे उभे राहिले, तेही नियमाचेच फळ आहे. मंजूर लेआउटमधले रिकामे प्लॉट आणि बॉन्डवरच्या दाट वस्त्या एकाच नकाशावर मांडल्याशिवाय आराखड्याचे मूल्यमापन झाले असे मी मानणार नाही.

शेवटची बाब भाषेची. महायोजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींना साठ दिवस मिळतात. माझ्या भावाला मराठी वाचता येते. शिवारातल्या बहुतेकांचे तेच आहे. कन्नड किंवा इंग्रजीतली नियमावली कोणाकडून तरी समजून घेण्यातच त्याचे साठ दिवस संपतात. ज्या भागात १५ टक्के किंवा त्याहून अधिक लोक अल्पसंख्याक भाषा बोलतात, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही द्याव्यात, ही भाषिक अल्पसंख्याकांसाठीची तरतूद जुनी आहे. इथे ती मागताना सीमाप्रश्नाचा वाद मध्ये आणू नये, असे मला मनापासून वाटते. कन्नडमध्ये द्या, मराठीत द्या, उर्दूतही द्या. आपल्या शेताला कुठला रंग लागला हे शेतकऱ्याला स्वतः वाचता आले पाहिजे. आणि केलेल्या मोजणीचा निकालही याच भाषांतून, प्रभागवार, महापालिकेच्या सूचना फलकावर लागला पाहिजे.

यापुढे कुठल्याही सर्व्हे नंबरचा रंग बदलाल तेव्हा ठरावातच एक ओळ लिहा: हा बदल कशासाठी, पाच वर्षांत तिथे काय दिसायला हवे, आणि ते कोण पाहील. आधीच्या बदलांची सुरुवात म्हणून एखादा लेआउट निवडा, वडगाव किंवा अनगोळ शिवाराकडचा. त्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशीची माझी वही मी जपून ठेवली आहे. त्यात प्लॉटवार नोंदी आहेत. तुमच्या माणसांबरोबर कुठल्याही दिवशी यायला मी तयार आहे. फक्त पावसाळ्याआधी बोलवा. पावसाळ्यात त्या रस्त्यावर चिखलातून चालता येत नाही.

आपली,
खासबागेतली एक निवृत्त ड्राफ्ट्समन